न ओळखलेली खिरापत

पमे, तुझा डब्बा माझ्याकडे आला. तोच, स्टीलचा, झाकणावर तुझं नाव कोरलेला, एका बाजूनं चेपलेला. तेरवीला पांढुर्ण्याहून तुझी भावजय घेऊन आली होती. घासून लख्ख केलेला. माझ्या हातात देत म्हणाली, "बाईंच्या पिशवीत होता. आल्या तवापासून तुमचंच नाव घेऊन राहिल्या होत्या, म्हणून म्हटलं तुमच्यापाशीच राहू द्या."

मी विचारलं, "याच्यात काय होतं?"

"काय माहीत बापा! त्या धावपळीत कोणी खाली केला, कोणी घासला, कोणाले ठावं."

कोणाचा डब्बा रिकामा परत देऊ नये, चिमूटभर साखर तरी टाकावी, हे तू मला किती वेळा ऐकवलं असेल. पण सुतकाच्या घरून आलेला डब्बा, त्यात कोण काय टाकणार? भावजयीचा नाही, मला तुझाच राग आला. जायचंच होतं त आपल्या सौंसरात जायचं होतं वं, माझ्या डोळ्यापुढं. सगळ्या गावाला सांगून ठेवलं की मी आयर्लंडला चालली, लेकाकडे, कायमची. अन् त्याच्या आधी भावाला भेटायला म्हणून पांढुर्ण्याला गेली, अन् तिथं ओसरीत, उन्हात, संत्र सोलता सोलता संपली. भावजय म्हणते, चहा ठेवायला आत गेली अन् बाहेर येईपर्यंत तू नव्हती. लोक म्हणून राहिले, पुण्यवान बाई, कोणाला तरास नाही दिला. मला विचारा म्हणावं, तरास काय असते ते.

अन् वरून ही न ओळखलेली खिरापत मागं सोडून गेली. काय होतं वं त्या डब्ब्यात?

आपल्याकडं पोरी भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई मांडतात, गाणी म्हणतात, अन् शेवटी जिच्या घरची खिरापत असेल तिनं बंद डब्बा वाजवायचा, बाकीच्यांनी ओळखायचं. गोड का तिखट? हाताला चिकटते का? दातानं तुटते का? नाही ओळखता आलं त 'हरली' म्हणायचं, मग झाकण उघडते. पोरी मोठ्या झाल्या का हा खेळ सुटते. तुझा सुटला नाही. लग्न झालं, शाळेत मास्तरीण झाली, पोरगा विदेशात गेला, सासू झाली, तरी वाटीभर भाजी आणली त झाकण दाबून माझ्या उंबऱ्यात उभी. "सुमे, ओळख!" मी म्हणायची, "ओळखायचं काय त्याच्यात, सारी गल्ली वासानं ओळखून राहिली."

पण हरली असं मी कधी म्हटलं नाही. पुरणापासून पापडापर्यंत वाटेल ते नाव घ्यायची, तोंड वाकडं करायची, रुसायची, पण तो शब्द नाही. शेवटी कायदा मोडून तूच झाकण काढायची अन् म्हणायची, "लय जिद्दी आहे बाई तू."

पहिला डब्बा मात्र माझा होता. तू पांढुर्ण्याची, नुकतीच लग्न होऊन आमच्या गल्लीत आली होती. मी सौंसरचीच लेक अन् सौंसरचीच सून. त्या वर्षी आमच्या घरी नणंदांची भुलाबाई होती. तू पदर सावरत दाराशी उभी होती, आत यावं का नाही ते तुला कळून नव्हतं राहिलं. मी डब्बा घेऊन सीधी तुझ्यापुढं आली. "नवी सून, ओळख पाहू!" एकदाच वाजवला अन् तू मान खाली घालून म्हणाली, "हरली." मला अशी दया आली तुझी! झाकण काढून मूठभर शेव तुझ्या हातावर ठेवली, मनगटाला धरून आत नेलं अन् माझ्या शेजारी बसवलं. तेव्हापासून तू माझी. तुझा सुहास झाला तेव्हा तुझ्या सासूच्या आधी मी त्याला हातात घेतला. भाऊजी गेले तेव्हा तू पहिला हात माझा धरला. पांढुर्णा जिल्हा झाला त्या दिवशी पेढे घेऊन आली अन् दारातूनच ओरडली, "सुमे, आता तुमचं सौंसर आमच्या खाली!" मी त्या पेढ्यातला एकही खाल्ला नाही. तू गेल्यावर दोन खाल्ले, हे तुला सांगायचं राहिलं.

मागच्या वर्षी सुहासनं फोनवर विषय काढला. आई, आता एकटी नको राहू, इकडंच ये. मला वाटलं तू नाही म्हणशील. तू म्हणाली, "येते. पण पहिले मले तिथल्या बायांची ओळख पाहिजे." त्याला वाटलं तू तिथल्या मराठी मंडळाचं म्हणून राहिली. तू म्हणाली, "मराठी नाही रे बापा. त्याच गावच्या. तू जिथी भाजी घेतो तिथी ज्या भाजी घेतात त्या."

मी तिथंच बसली होती. फोन ठेवल्यावर म्हटलं, "अवं, लोक जाऊन ओळखी करतात. तू जायच्या आधीच सोयरे जमवून राहिली?"

"एकदा गेली ना मी अनोळखी गावात," तू म्हणाली. "नवऱ्याचा चेहराही धड पाहिला नव्हता अन् बसली गाडीत. वर्षभर न्हाणीत नळ सोडून रडली मी, तुले माहीत आहे का? आता या वयात रडाले टाइम नाही माह्याजवळ. आता ओळख करूनच जाईन."

मला माहीत नव्हतं. तू माझ्या शेजारी बसून हसत होती ते मला माहीत होतं. न्हाणीतलं माहीत नव्हतं.

सुहासच्या त्या समुद्राकाठच्या गावात एक वाचनालय आहे. दर गुरुवारी तिथं म्हाताऱ्या बाया विणायला जमतात, अन् ज्यांना घराबाहेर पडवत नाही त्या फोनवरून बसतात. सुहासनं विचारलं, माझी आई भारतातून बसली त चालते का? चालते म्हणाल्या. मग काय! आपल्या चहाची वेळ म्हणजे त्यांची सकाळ. तू दुपारचं झोपणं सोडलं, इस्त्रीची साडी नेसून पाटावर स्टीलचा गिलास अन् गिलासाला टेकून फोन ठेवून बसायची. मी बाजूला, फोनमधी दिसणार नाही अशी, सुपात तुरीचे सोले सोलत बसायची. अन् तोंड वाकडं करायची. तुझं मास्तरणीचं इंग्रजी म्हणजे शब्द पक्के अन् मधात नुसतं हो-हो. त्यातली मॉरीन नावाची बाई तुझी खास झाली. पांढरे केस, गाल लाल, बोलताना हसते का हसताना बोलते तेच कळत नाही.

एक दिवस तू तिला विचारलं, हा टाका कसा घालतात? ती बाई सुया जवळ आणून आणून तुला दाखवून राहिली, तू चुकून राहिली, पुन्हा विचारून राहिली. मी सोले सोलायचे थांबली. अर्ध्या सौंसरच्या पोट्ट्यांचे स्वेटर तुझ्या हातचे. शाळेत पोरींना तू विणणं शिकवलं. फोन बंद झाल्याबरोबर मी म्हटलं, "काय नाटक आहे वं हे? तुले येते ना तो टाका?"

"येते ना."

"मंग?"

"मॉरीनले शिकवाले किती मजा येऊन राहिली होती, पाहिलं नाही तू? सुमे, नव्या गावात पहिले आपण हरा लागते. मंग समोरचा डब्बा उघडते." अन् तू हसत हसत बोलून गेली, "तुह्या भुलाबाईले शेवच होती ना? मले आवाजावरूनच समजली होती."

पमे, मला हसू आलं पाहिजे होतं. दुसऱ्या कोणी ऐकलं असतं त पोट धरून हसलं असतं. माझ्या डोक्यात सणक गेली. इतकी वर्षं मी साऱ्यांना सांगत आली की बिचारी पमी, घाबरलेली, शेवसुद्धा ओळखता नाही आली तिला, मी हाताला धरून आत आणलं. अन् तू ओळखून होती! म्हणजे मी तुला आत नाही आणलं. तूच मला दार उघडायला लावलं.

"म्हणजे माह्यासंगही नाटकच केलं?" मी म्हटलं.

"नाटक काऊन म्हणते वं? मले मैतरीण पाहिजे होती. तुले मैतरीण कराची होती. कोणी तरी हरा लागत होतं का नाही?"

"फोनवरच्या बाया त्या. उद्या पाठ दुखली त तेल लावून देणार का तुले तुही मॉरीन?"

"तेल नाही लावणार. पण दार त उघडन." मग तू बोलली, "तुले नाही समजणार सुमे. तू माहेरच्या गल्लीतून सासरच्या गल्लीत आली. तुले कोणाचं दार वाजवाच लागलं नाही."

मी सोल्यांचं सूप उचललं अन् घरी आली. हे भांडण आपलं मिटलंच नाही. आपली सारी भांडणं अशीच, मिटायची नाहीत, नुसती विसरायची. हे विसरायला वेळच भेटला नाही.

त्यानंतर भुलाबाईचे दिवस आले अन् तू फोनपुढं डब्बा वाजवायला लागली. त्या बायांना खेळ असा आवडला का विचारू नको. त्याही आपापले डब्बे घेऊन बसायला लागल्या. बिस्कीट, बटणं, एकीनं त नकली दात वाजवले. तू मला हाका मारायची, "ये वं सुमे, ह्या बायांले सांग तू कशी हरत नाही ते!" मी आतून म्हणायची, "मले काय जायचं आहे तिथी?" तू एकदा फोन हातानं झाकून म्हणाली, "तुले नाही जायचं. पण मी गेली म्हणजे तू कोणासंग बोलशीन?"

तेव्हा मला वाटलं तू माझी कीव करून राहिली. खरं सांगायचं त पमे, मला त्या बायांचा मत्सर वाटायचा. मला तू जायला नको होती. एवढं साधं वाक्य होतं. 'पमे, नको जाऊ.' ते सोडून मी दुनियेभरचं बोलली. तिकडं थंडी किती आहे, तिकडं सोले भेटत नाहीत, सून नोकरीवर गेली का तू एकटी भिंतीशी बोलशीन. निघायच्या आधी जामसांवलीला मारुतीला जाऊन येऊ म्हणाली, त मी पाय दुखून राहिले म्हटलं. पाय ठणठणीत होते. तू एकटी गेली अन् प्रसाद खिडकीतून ठेवून गेली. आवाजही दिला नाही.

अन् मग तो शनिवार. मी बस स्टँडवर आली ते भाजी घ्यायला आली असं सांगून. हातात पिशवीही नव्हती, तुला दिसलंच असेल. तू खिडकीशी बसली होती. मला पाहिलं अन् पिशवीतून हा डब्बा काढून खिडकीबाहेर धरला.

"ओळख!"

"मले नाही ओळखायचं."

"बरं, नको ओळखू. हरली म्हण, इथीच उघडते. तुह्यासाठीच आहे."

"मी काऊन हरू?" मी म्हटलं. "हराची त तुले सवय आहे. खोटं खोटं."

तू हसली. पण तुझं हसू नेहमीपेक्षा जरा उशिरा आलं. "मंग नेते पांढुर्ण्याले. वापस आली का पाहू," तू म्हणाली. कंडक्टरनं शिटी मारली, गाडी हलली. तू खिडकीतून हात काढून पुन्हा डब्बा वाजवला. इंजिनच्या आवाजात काय वाजलं ते मला ऐकूच नाही आलं. मी हातही हलवला नाही. गाडी वळून तू दिसेनाशी झाल्यावर हलवला, अन् एक संत्रेवाला मला पाहून राहिला.

रविवारी तुझ्या भावाचा फोन आला.

सुहास आला, सारं त्यानं नीट केलं, तू काळजी नको करू. रडला नाही पोरगा, नुसता कामं करत राहिला. तेरवी होऊन गेल्यावर गुरुवारी चहाच्या वेळेला तो माझ्या घरी आला, तुझा फोन हातात. म्हणाला, "मावशी, मॉरीन आजी बोलायचं म्हणते. माझ्यानं एकट्यानं नाही होणार."

मी म्हटलं, "मले काय येते रे बोलाले." पण पाट मांडला. गिलास ठेवला. गिलासाला फोन टेकवला. तू जिथं बसायची तिथं मी बसली.

फोनमधी साऱ्या होत्या. कोणाच्याच हातात सुया नव्हत्या. मॉरीन बोलायला लागली अन् सुहास मला सांगत गेला. ती म्हणाली, तुम्ही सुमन ना? प्रमिला आम्हाला तुमची गोष्ट नेहमी सांगायची. आम्ही तिला विचारलं होतं, या वयात नव्या देशात यायची भीती नाही वाटत? तर म्हणाली, नाही. मी तरुण होते, एका परक्या गावात दाराशी उभी होते, तर एक बाई सरळ माझ्यापुढं डब्बा घेऊन आली. सगळ्या गावात तेवढी एकच आली. तशी एखादी सगळीकडे असते, आपण दाराशी उभं राहायचं फक्त.

सुहास इथं थांबला. त्याला माझी शेवेची गोष्ट माहीत होती, आईची ही नव्हती. मग तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला, लहानपणी रडायचा तसा, अन् त्या परक्या बाया तिकडून पाहत राहिल्या, एकीनंही फोन बंद केला नाही. माझ्याही डोळ्यातून पाणी चाललं होतं. सीधी पुढं आली म्हणे मी. पमे, तू शेव ओळखली होती हे मी धरून बसली, अन् मी पुढं आली होती हे तू धरून बसली. मला हे आधी सांगायला काय झालं होतं तुला? का सांगितलं होतं, अन् मीच सूप उचलून निघून आली?

मग मॉरीन म्हणाली, शेवटच्या गुरुवारी प्रमिलानं आम्हाला डब्बा वाजवून दाखवला. हलका, कोरडा आवाज होता. आम्ही साऱ्या हरलो, तरी उघडला नाही. म्हणाली, हा सुमनचा आहे, पहिले तिनं हरलं पाहिजे, अन् ती कधी हरत नाही. तर आता तुम्हीच सांगा, काय होतं त्यात?

साऱ्या म्हाताऱ्या फोनला डोळे लावून बसल्या होत्या. मी काहीही सांगू शकत होती. राजगिऱ्याचे लाडू म्हटलं असतं त त्यांनी मानलं असतं. जन्मभर मी तेच केलं, वाटेल ते नाव घेतलं.

मी सुहासला म्हटलं, "सांग बाबू त्यायले. सुमन हरली म्हणावं. सुमनले नाही माहीत."

त्यानं सांगितलं. मॉरीननं मान हलवली, उठली अन् एक पत्र्याचा डब्बा घेऊन आली. न वाजवताच झाकण काढून फोनपुढं धरला. आत शंकरपाळे होते. तू त्यांना फोनवरून शिकवले होते म्हणे, अन् तू आली का तुलाच ओळखायला लावायचे म्हणून त्यांनी शिकून ठेवले होते. जाड, वाकडे, कोणाला तीन कोपरे, कोणाला पाच. एक बाजू करपलेली. तुझ्यासाठी दार उघडून बसल्या होत्या वं त्या बाया. तू बरोबर होती. मॉरीननं विचारलं, पुढच्या गुरुवारी याल का? मी हो म्हटलं. टाका मला खरंच येत नाही, तेवढं त्यांना शिकवता येईल.

सुहास परवा चालला. तुझं घर बंद करून चावी माझ्याजवळ ठेवून चालला.

अन् हा डब्बा माझ्यापुढं आहे. झाकण मीच दाबून लावलं. कानाजवळ नेऊन हलवून पाहिला, काहीच वाजत नाही. हलका, कोरडा म्हणे. मुरमुऱ्याचा चिवडा? जामसांवलीचे फुटाणे? का शेवच होती वं, पहिल्या दिवसासारखी? मी रोज एक नाव घेते अन् रोज कोणी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. परक्या बायांपुढं हरताना मला काहीच नाही वाटलं. हरायचं होतं तुझ्यापुढं, बस स्टँडवर, गाडी उभी होती तोपर्यंत.

हरली, पमे. मी हरली. आता उघड.